बाहेरच्या बाकड्यावरची माणसं

मी सातपाटीची, बापाची बोट, आई मासळी विकायची. नवरा पण आमच्यातलाच, पण बोटीत बसला का त्याला उलटी, गाव हसायचं, मंग तो दर्या सोडून बोईसरला आला. तवा कारखाने नवे नवे उभे राहत होते, सरावलीच्या रस्त्याला त्यानं हॉटेल टाकलं. हॉटेल म्हंजे काय, चार बाकडी नि एक भट्टी. पण काय सांगू तुमाला, अख्खा रस्ता तिथं यायचा. कुणाला खोली पायजे, कुणाला काम पायजे, भैया लोकांची गावची पत्रं आमच्या पत्त्यावर यायची, संपाची बोलणी आमच्याकडं, एकदा तर पोरगी बघायचा कार्यक्रमपण आमच्या बाकड्यावर झाला, पोरीकडच्यांच्या खोलीत बसायला जागा नव्हती म्हणून.

पण एक बाकडं बाहेर होतं. डोंगराकडची माणसं तिथं बसायची. त्यातली एक जानी, ती मोळी घेऊन यायची, आमची भट्टी तिच्याच लाकडावर चालायची, पण तिला चहा बाहेर, कान तुटलेल्या कपात, नि तो कप तिनंच धुवून खिडकीत ठेवायचा. हे कुणी ठरवलं मला ठावं नाय. मी आले तवा तसंच होतं, मीपण तसंच चालवलं. खोटं कशाला बोलू.

एक दिवस माझी आई आली, वाणगावला मासळी विकून परत जाताना गाडीतनं बोईसरला उतरली. टोपली रिकामी, पण वास तो वास. आत गिऱ्हाईक भरलेलं, एकानं नाकाला रुमाल लावला. मी भजी तळत होते. वर बघते तर आई बाहेर जानीच्या शेजारी बसलेली, हातात खिडकीतला कप. मी बोलले, आये, आत ये. ती हळूच बोलली, राहू दे गो, जावयाच्या धंद्याला कशाला खोट. नि जानी तिला बोलते, बस म्हातारे, इथं वारा चांगला लागतो.

मी झारा टाकला नि दोघींना हाताला धरून आत आणलं. गिऱ्हाईकातले तिघं जण उठून गेले. नवरा बोलला, हॉटेल बंद पाडशील तू. मी बोलले, तू पण अशाच टोपलीवर वाढलास ना? कारखान्यातला एक म्हातारा भैया तिथंच पेपर वाचत होता, तो सरकला, बोलला, बैठो माई, जगह है.

खिडकीतले कप मी त्याच दिवशी फोडून टाकले. गेलेल्यातले दोघं आठवड्याभरात परत आले, चहा कुठंबी मिळतो, पण बोलायला ओळखीची माणसं कुठं मिळणार? तिसरा आला नाय. पण जानी, ती पण आत येईना. महिनाभर बाहेरच उभी राहून चहा प्यायली. मी रागावले तर बोलली, तुझी आई आली म्हणून बोलावलंस ना बाय? खरंच होतं ते. मंग एक दिवस आपणहून आली, भिंतीकडं तोंड करून बसली. लोकांकडं तोंड करून बसायला तिला आणखी लय दिवस लागले.

आता पोरगा हॉटेल बघतो. आई गेली, जानीपण गेली. मला कमी दिसतं, खुर्चीत बसून आवाजावरनं माणूस ओळखते. आईला एक विचारायचं राहूनच गेलं, त्या दिवसाआधी किती वेळा ती आमच्या दारावरनं न थांबता पुढं गेली असल? आता कुणाला विचारू. जाऊ दे. तुमी एवढं ऐकलंत, सुखी राहा बाबा, घरच्यांना संभाळा.