समोरची बाजू कोणती

...नाही, मला शांत व्हायला सांगू नका. तुम्हाला सांगतो, माणसानं एका झाडाकडे सलग तेवीस दिवस बघावं, तेही थोरल्या बहिणीबरोबर, मग बघू कोण शांत राहतं ते. झाड तरी केवढं, गुडघ्याएवढं जुनिपर, सुरूसारखं दिसणारं, आमच्या वडिलांनी, अण्णांनी कुंडीत वाढवलेलं. अण्णा गेले, घर ताईकडे, शिवणाचं दुकान माझ्याकडे, आणि झाड दोघांत. दोघांत झाड कसं वाटतात? तर म्हणे दोघांनी मिळून त्याचं बोन्साय करा, असं अण्णांनीच चिठ्ठीत लिहून ठेवलेलं, आणि आम्ही दोघं तर चार वर्षं बोलत नव्हतो... कशावरून ते विचारू नका, मला धड आठवत नाही, ताईला तारखेसकट आठवतं.

तर झाड माझ्या दुकानात आणून ठेवलं. आधी आराखडा. मी शिंपी माणूस, खडूची रेघ मारल्याशिवाय कात्री उचलत नाही, आणि जुनिपरला उघड्या लाकडावर परत कोंब येत नाही, म्हणजे फांदी एकदा गेली की गेली, ठिगळ लावायची सोय नाही. म्हणून पहिल्यांदा झाडाची समोरची बाजू, म्हणजे बघणाऱ्याला दिसायची ती, ठरवायची, मग शेंडा कुठे, कुठली फांदी ठेवायची, कुठली तारेनं वाकवायची. मी खिडकीकडची बाजू धरली, चार कागद भरून चित्रं काढली. ताई निवृत्त मुख्याध्यापिका. तिनं चष्मा लावला आणि माझ्या चित्रावर लाल पेनानं फुली मारली.

"ही खालची डावी फांदी इथे काय करतेय? काढ."

अगं, त्या फांदीवरच तर सगळा तोल आहे.

"तोल मला शिकवू नकोस. समोरची बाजू दाराकडची."

मग मी ठेवायच्या फांद्यांना हिरवी लोकर बांधायची आणि मी जेवून येईपर्यंत तिथे लाल, म्हणजे कापा. पुन्हा हिरवी, पुन्हा लाल... गिऱ्हाईक विचारायचं, झाडाला स्वेटर विणताय का?

तेविसाव्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाचं माप घेऊन वळतो तर ताईच्या हातात माझी कात्री, पात्यांत तीच फांदी. मी तिचं मनगटच धरलं. म्हटलं, सोड, फांदी एकदा गेली की गेली.

"हो का?" ताई म्हणाली. "चार वर्षं घरात पाऊल टाकलं नाहीस. अण्णा रोज दाराकडे तोंड करून बसायचे. तेव्हा नाही सुचलं हे?"

माझा हात सुटला. तिनंही कात्री खाली ठेवली, आणि आम्ही दोघं गिऱ्हाइकासमोर नाक ओढत उभे.

शेवटी रोपवाटिकेतल्या बाई बोलावल्या. त्यांनी बुंध्याजवळची माती ब्रशनं झाडली, मुळं मोकळी केली, तासभर कुंडी फिरवली आणि म्हणाल्या, "समोरची बाजू ही." भिंतीकडची! तेवीस दिवसांत आम्ही दोघांनी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

"मग कापायचं काय?" आम्ही दोघांनी एकदम विचारलं.

"काहीच नाही. झाड अशक्त आहे. दोन वर्षं हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

दुसऱ्या दिवशी ताई आली ती घरची खुर्ची घेऊन. उशीसकट. दोन वर्षं, ऐकताय ना... दोन वर्षं. काय करता, मी मशीन जरा सरकवलं.