कुणाची भिंत

सौरभ : भोकं पाडलीस? माझ्या भिंतीला?

क्रांती : आवाज खाली. आणि भिंत तुझी कधीपासून झाली? राहते मी इथं.

सौरभ : आर्किटेक्ट मी आहे, क्रांती! ना प्लास्टर, ना रंग, नुसतं उघडं कॉंक्रीट. एका दमात ओतलीये ती. अशी भिंत अख्ख्या खांदेश्वरात नाही. उद्या मासिकाचा फोटोग्राफर येतोय आणि तू ड्रिल मारून चाळण केलीस तिची!

क्रांती : मग काय करू? साधा खिळा घुसत नाय तिच्यात. वाकतो. हातोडी अंगठ्यावर बसली, हे बघ.

सौरभ : खिळा कशाला? चित्रं लावायला एवढं भारीतलं इझल दिलंय ना?

क्रांती : इझलवर कोण काढतं रे? कॉलेजपासून बघतोयस. कापड भिंतीला ठोकते, बादलीनं पाणी मारते, मग रंग. तुर्भ्याच्या खोलीत तूच कापड धरून उभा राहायचास.

सौरभ : ती भाड्याची खोली होती. पोपडे उडालेली.

क्रांती : त्याच पोपड्यांचा फोटो लेक्चरमध्ये दाखवतोस ना? ‘ही भिंत काम करते’ म्हणून टाळ्या घेतोस. आणि मला घर-स्टुडिओ बांधून दिलास तर म्युझियम! डाग पाडू नका, टेकू नका. चहाचा कप ठेवायची भीती वाटते मला.

सौरभ : वर्षभर धड झोपलो नाही ह्या भिंतीपायी. कुणासाठी?

क्रांती : फोटोसाठी.

सौरभ : असं बोलू नकोस.

क्रांती : बोलणार! इथं आल्यापासून एक चित्र झालं नाय माझ्याकडून. एक पण नाय. वाटलं, संपलं आपलं. येड्यासारखी रडलेय. तू यायचास, भिंतीवरून हात फिरवायचास, जायचास. एकदा तरी विचारलंस, सध्या काय काढतेयस?

सौरभ : सांगायचं तरी होतंस.

क्रांती : कसं सांगू? लोकांना ही भिंत दाखवताना तुझा चेहरा बघितलायस? बारशाला पोर दाखवावं तसा. तेव्हा म्हणू, मला हिच्यावर कामच करता येत नाय?

(सौरभ कोपऱ्यातली शिडी ओढून भिंतीला लावतो.)

क्रांती : काय करतोस? बुजवायची नाहीत हां भोकं, सांगून ठेवते!

सौरभ : गप्प बस. डोकं फिरलंय माझं अजून. कापडाचं वरचं टोक दे.