टाळकऱ्यांची स्क्रिप्ट

(कुंडल. दुपारची वेळ. स्वप्नाली लॅपटॉपपुढे, शेजारी तिचे आजोबा, कीर्तनकार तात्याबा बुवा. जिनेंद्र सांगलीहून फोनवर.)

स्वप्नाली : पुन्हा लाल! जिनेंद्र, तुझी ती ऑनलाइन तपासणी माझ्यावर डूक धरून बसलीय का?

जिनेंद्र : तिला शिव्या देऊ नकोस. गेम सर्व्हरची स्क्रिप्ट कुणाचीही असो, चूक असली की ती सांगणारच. काय म्हणतीय?

स्वप्नाली : ‘ही ओळ कधीच थांबत नाही.’

तात्याबा : आगं, बरोबरच हाय की! टाळकरी आपणहून थांबत्यात व्हय कुठं?

जिनेंद्र : तात्या, सर्व्हरवर असं चाललं तर संध्याकाळी गेमच बंद पडेल. सगळी पोरं बाहेर फेकली जातील.

तात्याबा : मग न्हाई चालायचं. दोन वर्सं झाली रं, माझ्या मागं कुणी उभं न्हाई. एक पुण्यात, एक सुरतेला, एक दुबईत. म्या म्हणायचं आन् भिंतीनं ऐकायचं.

स्वप्नाली : म्हणून तर गेममध्ये मंडप उभारलाय. ही सगळी रोज तिथं लढाया करतात, आज टाळ वाजवतील.

जिनेंद्र : मग थेट गाऊ देत की.

स्वप्नाली : नेटवर आवाज मागंपुढं पोचतात. म्हणून सगळ्यांचं ध्रुपद रेकॉर्ड करून घेतलं. तात्यांनी ओळ टाकली की स्क्रिप्ट ते एकदम वाजवते. आणि वाजवतच बसते.

जिनेंद्र : तात्या, देवळात टाळकरी थांबायचे कसे?

तात्याबा : म्या हात वर केला की.

जिनेंद्र : स्वप्नाली, ते लिहिलंस?

स्वप्नाली : ...नाही. ते सगळ्यांना माहीतच असतं ना रे!

जिनेंद्र : सर्व्हरला नसतं, बाई.

स्वप्नाली : लिहिते. तात्या, हे बटण दाबलं की गेममधले तुम्ही हात वर कराल.

तात्याबा : ह्ये?

स्वप्नाली : ते नको! त्यानं उडी मारता तुम्ही.

तात्याबा : मारू दे की. गुडघं धरायच्या आधी म्याबी लय उड्या मारल्यात अभंगाला.

जिनेंद्र : पाठव आता. दर स्क्रिप्टला वेगळा कंटेनर उघडतो. तात्या, बंद खोलीच समजा. आत काही बिघडलं तर खोली पुसून टाकायची, सर्व्हरला धक्का नाही.

तात्याबा : मंजी पोरं रिकाम्या खोलीत गाणार?

जिनेंद्र : तपासण्यापुरतं. येतंय ऐकू?

तात्याबा : आं... येतंय. केरबाचा आवाज बसलाय गं, सुरतेच्या पाण्यानं. पांडुरंगा... सगळी हायत.

स्वप्नाली : तात्या, बटण.

तात्याबा : व्हय व्हय. दाबलं.

जिनेंद्र : थांबली! ...छे, पुन्हा लाल. एक आवाज पुढं चाललाय.

स्वप्नाली : तानाजीकाका. दुबईचं रेकॉर्डिंग. शेपूट लांब आहे, कापते.

तात्याबा : ए, हात लावू नगंस! त्यो तसाच गातो. सगळी थांबली तरी ह्यो एकटा वर तरंगत ऱ्हातो. त्या सुरावरनंच म्या म्होरली ओळ उचलतो. त्याला कापलंस तर म्या कशावरनं उचलू?

स्वप्नाली : पण लाल असेपर्यंत सर्व्हर घेणारच नाही!

जिनेंद्र : गडबडू नका. एखादी चूक मुद्दाम ठेवायची असेल तर सूट देता येते. फक्त कारण लिहावं लागतं. बोला तात्या, काय लिहू?

तात्याबा : लिही... तानाजी डोळं मिटून गातो. त्याला माझा हात दिसत न्हाई.