राजपुत्राचे कान

शाई चढवायचं काम कसं असतं ते विचारलंत, म्हणून सांगतो. कोल्हापुरात मुलांच्या चित्रकथांची चित्रं आमचे दादा पेन्सिलीनं काढायचे आणि मी त्यांवर ब्रशनं काळी शाई चढवायचो. मला वाचता बेताचंच यायचं. गोष्ट मी चित्रावरूनच ओळखायचो.

एकदा एका गोष्टीच्या चित्रांत उघड्या अंगाचा, भरल्या दंडांचा गडी आला. मला वाटलं, पैलवान. मग मी सगळ्या चित्रांत त्याचे कान तालमीत मोडल्यासारखे गुठळीचे केले.

दादा बघतच राहिले. "आरं, ह्यो राजपुत्र हाय. राज्य गेलंय, म्हणून लाकडं फोडतोय."

शाई काही खोडता येत नाही. दुपारी पुण्याहून लेखक चित्रं बघायला आले. माझं काम आज जाणार, असं मी धरूनच चाललो होतो.

लेखकांनी विचारलं, "याचे कान असे का?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "मीच सांगितलं तसं करायला. शेवटी राजकन्येशी लगीन लावायचंय न्हवं ह्याचं? धड कानाच्या गड्याला कोल्हापुरात पोरगी कोण देतंय, पावणं?"