वामनराव मास्तरनं धरलेली भिंत

नाई, पन मी म्हन्तो, शाळेच्या भिंतीले पेपर चिटकवाले त्या वामनराव मास्तरले सांगतलं कोन होतं? सरकारनं? पाटलानं? कोनीच नाई! आपल्याच हातानं चिटकवला, अन् मंग त्याच भिंतीले पाठ लावून, डोळे पांढरे करून असे उभे राह्यले की... थांबा, पयलेपासून सांगतो, नाई तं तुमी म्हनसान हा बुढा कुठूनही सुरू करते.

तुमाले सांगतो, वामनराव म्हनजे जन्माचे भित्रे. पाल चुकचुकली की भेव, दारात सायकल थांबली की भेव, पोस्टमननं नुसता रामराम केला तरी दाराले कडी! असा मानूस मास्तर झाला, अन् तेबी कोन्त्या साली? जंगल सत्याग्रहाच्या! इकडं लोक विळे घेऊन सरकारी जंगलातलं गवत कापून राह्यले, तिकडं पोलीस त्यायले धरधरून नेऊन राह्यले, अन् पल्याडच्या गावच्या मास्तरले नुसती पांढरी टोपी घातली म्हनून घरी बसवलं. टोपीपायी! अन् आमच्या वामनरावची नोकरी तं अजून कच्चीच. डिप्टी साहेब तपासनीले येनार, त्यायनं चांगला शेरा मारला तं नोकरी कायम, नाई तं बायको-लेकरं घेऊन सासऱ्याच्या दारात. आता भ्यावं नाई तं काय करावं मानसानं?

बरं, पेपर काऊन चिटकवला? तं शाळेत होतं काय दुसरं! देऊळघाटाच्या वाटेवरचं आमचं गाव, नाव नाई सांगत, लोक अजून जित्ते हायेत. पाच पोट्ट्यायमंधी एक पुस्तक, अन् नकाशा होता त्यातला अख्खा मद्रास इलाखा उंदरानं खाल्लेला. पन रंगराव पाटलाच्या कापसाच्या गाड्या खामगावले जात, अन् येताना गाडीवान पाटलासाठी पेपर आनत. पाटलाचा वाचून झाला की वामनराव हळूच मांगून आनत, अन् ज्वारीच्या पिठाची खळ लावून भिंतीले चिटकवून देत. अन् काय शिकवे हो तो मानूस त्याच्यावर! कापसाच्या भावावर बेरीज-वजाबाकी, बोटीच्या बातमीवर भूगोल, केसाच्या तेलाच्या जाहिरातीतले मोठमोठे अक्षरं बारक्या पोट्ट्यायले. "क दाखवा रे!" म्हटलं की सगळे बोटं भिंतीवर! पोट्टे शाळेतून पळून जानं इसरले, खोटं नाई सांगत.

पन पेपरले दोन अंगं असतेत नं बावा! बाहेरच्या अंगावर तेल, साबन, बाजारभाव. अन् आतल्या अंगावर? सत्याग्रह, अटका, भाषनं, सरकारले नुसत्या शिव्या! वामनराव दाराले कडी घालून एकेक अक्षर तपासत, अन् सत्याग्रहाचं अंग भिंतीकडं, तेलाचं अंग पोट्ट्यायकडं, असं बरोब्बर चिटकवत. खळ तं अशी थापत की झुंबरबाई, म्हनजे त्यायची बायको, ओरडे, "अवो, एवढ्या पिठात चार भाकरी झाल्या असत्या माह्या!"

"चूप बस! मी पेपर नाई, नोकरी चिटकवून राह्यलो!"

एवढं सगळं केलं, अन् चुकले कुठं? तं एका वाघापाशी! बाहेरच्या अंगावर, पार खाली कोपऱ्यात, शिकारीची बातमी होती. शिकारी मचानावर बसला, वाघ खाली आला, शिकाऱ्यानं घोडा दाबला, बारच नाई उडाला, वाघानं वरतं पाह्यलं, अन् उडी... "पुढे पान दोनवर पहा." आता तुमीच सांगा, पान दोन कुठं? भिंतीच्या अंगाले, खळीत! मास्तरच्या ते ध्यानातच नाई आलं. भेवाच्या मानसाले सत्याग्रह दिसते, वाघ दिसत नाई.

आला का तपासनीचा दिवस! डिप्टी साहेब दमनीतून, म्हनजे बैलाच्या छकड्यातून, उतरले. पुण्याकडचे, लांब कोट, लाल पगडी, अन् हसाचं तं त्यायले ठाऊकच नाई. वामनरावनं पोट्ट्यायकडून नमस्ते करवला, खुर्ची पुसली, अन् सहज भिंतीकडं पाह्यलं, तं काय? पेपरचा खालचा कोपरा सुटून हवेनं फडफडून राह्यला! एकडाव फडफडला की "सत्या" दिसे, दुसऱ्यांदा फडफडला की "ग्रह" दिसे! वामनरावनं दोन उड्यात भिंत गाठली अन् पाठ लावून उभे! आता भ्यावं नाई तं काय करावं मानसानं?

साहेब म्हने, "मास्तर, जरा इकडे या."

"नाई जी... इथंच बरं हाय."

"अहो, फळ्यावर एक हिशेब घाला."

"तोंडी घालतो जी! तोंडी हिशेबानं पोट्ट्यायचं डोकं चालते!"

"तुम्हाला बरं नाही का? घाम केवढा आलाय!"

"पाठीत उसन भरली जी... भिंत थंडी हाय, आराम पडते."

हिवाळ्याचे दिवस बरं! पोट्टे कुडकुडून राह्यले, अन् मास्तरले थंड भिंतीचा आराम! साहेबानं भुवया वर केल्या. म्हने, "एखाद्या मुलाला वाचायला सांगा." आता शंभर जागा होत्या वाचाले! तेल होतं, साबन होतं, सरकी होती! पन उठला तो निवृत्ती, साऱ्यात हुशार पोट्टं, अन् त्यानं मास्तरच्या ढोपरापाशी बसून वाघच सुरू केला. अन् वाचे कसा? खडाखडा! न अडखळता! मचान आलं, वाघ आला, घोडा दाबला... साहेब खुर्चीतून पुढं सरकले, पगडी तिरपी झाली तेबी कळलं नाई. वाघानं उडी घेतली, अन् निवृत्ती थांबला.

"मग? मग काय झालं?" साहेब म्हने.

"पुढचं मास्तरच्या पाठीमांगं हाय जी."

"म्हणजे?"

"कागद उचलून वाचा लागते. आमी मधल्या सुटीत रोज वाचतो जी. मास्तर, सरका नं जरासे!"

आयकलं? रोज! पोट्ट्यायनं वाघापायी नखं घालघालून कोपरा सोडवला होता, अन् वाघासंगं आजूबाजूचंही सगळं पाठ करून बसले होते! वामनरावले आपली नोकरी समोरच्या दारातून बाहेर जाताना दिसली, मांगं झुंबरबाई, तिच्या डोकशावर बोचकं. साहेब उठून जवळ आले. "सरका, मास्तर." सरकतेत कशाचे! शेवटी साहेबानं खांद्याले धरून बाजूले केलं, कोपरा उचलला, मान तिरपी केली, अन् वाचाले लागले.

वाघ कवाचाच मेला असन, पन साहेब वाचूनच राह्यले. बोट वाघावरून गवतावर आलं, गवतावरून अटकेवर, अटकेवरून भाषनावर. वामनराव मनात सगळे देव करून चुकले, सोनाळ्याचा महाराज झाला, शेगावचा झाला, आता कोनाले हाक माराची तेबी सुचेना. आता भ्यावं नाई तं, तुमीच सांगा, काय करावं मानसानं?

साहेबाचं बोट खाली येऊन थांबलं. तिथं छापलं होतं, "अपूर्ण. उरलेला मजकूर पुढील अंकी." साहेबानं दाराकडं पाह्यलं. खिडकीकडं पाह्यलं. शिपाई दमनीपाशी बिडी पीत होता. मंग वामनरावच्या कानाशी आले अन् एकदम हळू म्हने,

"मास्तर... पुढचा अंक कोणत्या भिंतीवर आहे?"

समजलं का तुमाले? सरकारी मानूस! असा पेपर घरी आनला तं चुगली होईन, अन् नाई आनला तं जीव राह्यत नाई! वामनरावनं बोटानं पूर्वेची भिंत दाखवली. साहेबानं तेबी कोपरा उचलला. मंग उत्तरेचा. जाताना शेरा मारला, मुलांचं वाचन फारच उत्तम, मास्तरांना कायम करावे. अन् दमनीत बसता बसता म्हने, "खळ थोडी कमी लावत चला."

तुमाले वाटन, सुटला मानूस! कायचा सुटते? बाकी शाळायले साहेब वर्साचे एकडाव येतेत, आमच्या शाळेले दर महिन्याले तपासनी! दमनीचे घुंगरं वाजले की वामनरावची पाठ आपसूक भिंतीले. अन् एका महिन्यात तं कहर झाला. दमनीतून साहेब उतरले, अन् त्यायच्या मांगून कोन? खाकी कपडे, चामड्याचा पट्टा, हातभर मिशा... फौजदार! वामनरावनं दाराचा खांबच धरला. "गेलो," म्हने, "आता जेल! झुंबरे, गेलो मी!" साहेब लगबगीनं जवळ आले अन् कानात म्हने, "घाबरू नका हो. आपल्यातलेच आहेत. ह्यांचे मागचे दोन अंक राहिले आहेत."

वामनरावनं खांब सोडला, धोतरानं तोंड पुसलं, अन् वर्गाकडं वळून म्हने, "सरका रे पोट्टेहो. मोठ्या वर्गातले आले."