डावखुरा हीरो

‘आपला तंबूतला सिनेमा अजून येतो का?’ बालमित्र मसाजीनं आजारपणात पत्रातून विचारलं होतं. तंबू कधीच बंद पडलेला. ते कसं कळवावं हे न सुचून शेषरावांनी उत्तरच दिलं नव्हतं. आज कळमनुरीच्या स्टँडवर शेजारी दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“तंबूतल्या सिनेमाला आपण बाया पडद्यामागं बसायचो, जनका.”

“व्हय. मला वाटायचं, हीरो डावखुराच हाय.”

“मागून उलटं दिसते ना, बाई.”

“लगीन झाल्यावर मालकानंबी तेच सांगितलं. मी न्हाई मानलं.”

“काहून?”

“माझ्या ध्यानात तलवार डाव्या हातातच हाय.”

“अजून?”

“अजून लढून राहिला की.”

शेषरावांनी खिशातलं कोरं पोस्टकार्ड काढून लिहिलं, ‘तंबू गेला, मसाजी. पण पडद्यामागच्या बायांचा हीरो अजून लढून राहिला, डाव्या हातानं.’

बस लागण्याआधी त्यांनी ते पेटीत टाकलं.