मम म्हणा

माणिककाकू : सही करीन रे मी. पण ऐकल्याशिवाय कशी करू?

आल्हाद : ऐकून तुम्हाला त्रासच होईल, काकू. फॉर्मवर एवढंच आहे, की रेकॉर्डिंगमधला आवाज तुमच्या यजमानांचा. बस. मुक्तानं तक्रार टाकलीय ना, की शेअर विकताना विष्णुकाकांना धोका सांगितलाच नाही म्हणून.

माणिककाकू : पोरगी आहे त्यांची. टाकणारच. सांगितला होतास?

आल्हाद : नियमच आहे आमच्याकडे. दोन-दोन रुपयांचे शेअर विकायचे तर धोक्याचा कागद फोनवर वाचून दाखवायचा, ओळीओळीला गिऱ्हाइकानं होकार द्यायचा, सगळं रेकॉर्ड करायचं. केलंय मी. तुमची सही झाली की फाईल बंद. नाहीतर माझं काम जाईल.

माणिककाकू : यांना जाऊन चार महिने झाले. नळ जरा चालू राहिला की आतून ऐकू येतं, "माणिक, पाणी!" धावत जाते मी. त्रासाचं तू मला नको सांगूस. लाव.

(आल्हाद फोन टीपॉयवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू करतो. बोट मात्र बंद करायच्या खुणेवरून काढत नाही.)

फोनमधला आल्हाद : विकायचे तेव्हा घेणारा मिळेलच असं नाही. मम म्हणा, काका.

फोनमधले विष्णुकाका : मम.

फोनमधला आल्हाद : भाव शून्यावरही येऊ शकतो. मम म्हणा.

फोनमधले विष्णुकाका : मम. अरे, तू तर एकदम सत्यनारायणाला बसवलंस मला!

फोनमधला आल्हाद : कंपनीची माहिती मी स्वतः तपासली आहे. मम म्हणा.

फोनमधले विष्णुकाका : मम, मम. चल पुढं.

माणिककाकू : हे काय रे? थांबवलंस का?

आल्हाद : गंमत होती, काकू. आमचे बाबा भिक्षुकी करायचे, तीच चाल तोंडात बसलीय. संकल्पाला गुरुजी "मम म्हणा" म्हणतात, यजमान म्हणतो. पटापट होतं.

माणिककाकू : यजमानाला कुठं कळतं आपण काय कबूल करतोय. गुरुजींवर भरवसा असतो, म्हणून म्हणतो बिचारा.

आल्हाद : मागच्या महिन्यात माधव नगरच्या ऑफिसात एक बाई फोनवर "हां" म्हणाली. मला "मम" ऐकू आलं. काकांच्या आवाजात. मी फोनच ठेवून दिला. आता तर रोज होतं. भीती वाटते मला, काकू.

माणिककाकू : मी भैरवगढला जाऊन आले. भैरवगढचं छाप्याचं कापड परदेशी पाठवणारी कंपनी, असं सांगितलंस ना यांना? आपल्या गावची म्हणून भुलले. सात दुकानं फिरले मी. एक म्हातारा छापेवाला म्हणाला, "अम्मा, हमने तो ये नाम ही नहीं सुना."

आल्हाद : ते मला पण नंतर कळलं. ठेवू आता फोन?

माणिककाकू : रेकॉर्डिंगची रेघ अजून उरलीय त्याच्यावर.

आल्हाद : पुढं काही नाही. असंच, इकडचं-तिकडचं.

माणिककाकू : त्यांचा आवाज आहे ना? मग काढ बोट.

आल्हाद : काकू...

माणिककाकू : काढ म्हणते ना.

फोनमधले विष्णुकाका : आल्हाद, एक विचारू? तू स्वतः घेतलेस ना रे हे?

फोनमधला आल्हाद : हो तर! आईच्या नावानं घेतलेत.

फोनमधले विष्णुकाका : मग झालं. आईच्या नावानं कोणी वाईट घेतं का? लाव माझे पण. माणिकला बोलू नकोस हं, दिवाळीला सांगीन मी तिला.

माणिककाकू : घेतले होतेस?

आल्हाद : नाही.

माणिककाकू : मग तुला काय होतं त्यात?

आल्हाद : शेअरमागे दहा पैसे. कंपनीवाले वेगळे द्यायचे. तेही सांगायचं असतं गिऱ्हाइकाला, कागदावरची शेवटची ओळ तीच होती. मी वाचलीच नाही. चाळीस वेळा ऐकलंय मी हे, काकू. दर वेळी वाटतं, या वेळी ते विचारणार नाहीत.

माणिककाकू : पेन दे.

आल्हाद : तुम्ही सही करताय?

माणिककाकू : "'मम' म्हणणारा आवाज माझ्या यजमानांचा आहे." घे, केली. आता खाली तू लिही.

आल्हाद : मी काय लिहू?

माणिककाकू : दुसरा आवाज कोणाचा, ते. काय खोटं बोललास, ते. आणि ती राहिलेली ओळ.

आल्हाद : मग मी संपलो, काकू. या गावात कोणी दारात उभं नाही करणार मला.

माणिककाकू : मी केलंय ना. बस, लिही.

आल्हाद : ...लिहिलं.

माणिककाकू : आता वाचून दाखव. हळू वाच.